दोरी तीच



१९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने एका शिबिरात शाळकरी मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच वैर पेटले. एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले! मग ट्रक बंद पडल्याचे भासवले. रस्सीखेचीच्याच दोरीने दोन्ही गटांनी तो मिळून ओढला. अशा सामाईक कामांतूनच मैत्री जुळली.

आपल्या चेरीतालच्या मंडपातही सफाईने मराठी बोलणारी मुले एकीकडे, अडखळणारी दुसरीकडे बसतात. अडखळणाऱ्यांत माझी नात आहे. केवळ महाप्रसादाच्या पंगतीने हे अंतर मिटणार नाही. म्हणून विनंती, यंदा नाट्यस्पर्धा नको. सर्वांचे मिळून एकच नाटुकले बसवू या. पडद्याची दोरी दोघांच्या हाती देऊ.

गणपती बाप्पा मोरया!