नाटक खंय आसा? : हाक की कट्टा?

इन्सुलीहून बोलतोय. आजचा प्रश्न साधा आहे. एकाच गोष्टीचं वेड असलेली माणसं ऑनलाइन जमतात, तेव्हा त्यांनी बोलायचं कुठे? उदाहरण घरचंच घेऊया. दशावतार.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्या सावंतवाडी तालुक्यात रसिकांच्या ग्रुपवर रोज एकच मेसेज असतो : "आज नाटक खंय आसा?" दोन मिनिटांत गाव आणि कंपनी, दोन्हीचं उत्तर येतं. या कामाला व्हॉट्सॲपसारखं दुसरं काही नाही.

इंटरनेटवर गट जमवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिली मेलिंग लिस्ट. एकाने ईमेल टाकला की तो यादीतल्या प्रत्येकाकडे पोचतो. ही झाली दारोदार जाणारी हाक. दुसरी फोरम. तिथे विषयवार धागे एका जागी राहतात, आपण तिथे जाऊन वाचायचं आणि लिहायचं. हा झाला कट्टा. १९९६ पासून चालू असलेली मायबोली ही आपली ओळखीची कट्ट्याची जागा. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे हाकेचाच नवा अवतार.

हाकेतून कुणी सुटत नाही. ज्या काकांनी आयुष्यात कुठे लॉगिन केलं नाही, ते पण ग्रुपवर असतात. पण हाक हवेत विरून जाते, आणि दशावताराच्या बाबतीत हे नुकसान मोठं आहे. कारण या नाटकाला पारंपरिकपणे लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. मग अमुक जत्रेत संकासुर कसा रंगला, दोन राजांची जुगलबंदी कशावरून पेटली, पायपेटीवाल्याने कुठला सूर पकडला, हे राहतं फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात. एखादे काका ते सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगतात, आणि सकाळपर्यंत तो मेसेज सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. नंतर शोधणार कसा? आणि पुढच्या वर्षी ग्रुपवर येणाऱ्या पोराला तो मिळणार कसा?

दुसरी अडचण नंबरची. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. एखादी मुलगी नाटकाबद्दल काही विचारते आणि तिला खाजगीत नको ते मेसेज सुरू होतात. मग ती ग्रुपवर राहते, पण बोलायची बंद होते. कट्ट्यावर टोपणनाव चालतं. शिवाय ग्रुपला १,०२४ माणसांची मर्यादा आहे, कट्ट्याला तशी नसते.

मग कट्टाच बरा? थांबा. कट्टा कुणीतरी झाडावा लागतो. डोमेनचे पैसे भरायचे, स्पॅम काढायचा, भांडणं मिटवायची. आणि लोक आलेच नाहीत तर तो ओसाड. उद्या काका तिथे येतील असं समजू नका. ते येणार नाहीत.

आणि एक. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार कधीही उठू शकतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्याच्यासोबत तिथल्या कम्युनिटीजमधल्या गप्पा थांबल्या. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले, आणि वेबवरची जुनी पत्रं तर त्याच्या आधीच काढून टाकली होती.

इंजिनिअर म्हणून माझं मत सांगतो. मेसेज टाकताना एकच विचारा, ही गोष्ट उद्या शिळी होणार का? होणार असेल, म्हणजे आजचं नाटक, बदललेली वेळ, तर ती हाकेवर. होणार नसेल, तर ती कट्ट्यावर. काकांना कट्ट्यावर ओढू नका, त्यांचे शब्द तिथे न्या. त्यांना विचारून व्हॉइस मेसेज लिहून काढा आणि वर गाव, कंपनी, आख्यान, तारीख टाका. तेवढ्याने शोधता येतं. पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा. आणि हंगाम संपला की सगळ्याची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर घ्या.

फोरम अजून नसेल तरी अडत नाही. आज एक मेसेज निवडा, लिहून काढा, साध्या फाइलमध्ये ठेवा. तीच कट्ट्याची पहिली पायरी. काम थोडं कंटाळवाणं आहे, पण ज्याने ते नाटक बघितलं, तो माणूस सांगायला आहे तोवरच ते होऊ शकतं.

तुमच्या गावात हे काम कोण करतंय, नक्की कळवा. येवा, भेटू पुढच्या भागात!