उकिरड्यावरची शिपाई माशी

श्रोतेहो, पेरणीच्या आधी आपल्या परभणी जिल्ह्यात शेणखताच्या गाड्या शेताकडे निघतात. खताचा खड्डा उकरला की कधी कधी आत अळ्यांचा नुसता बुजबुजाट दिसतो. "हुमणी झाली!" म्हणून कोणी घाईने त्यावर औषध ओततो. पण बंधूंनो, जरा थांबा. एक अळी काडीने बाजूला काढून नीट पाहा.

हुमणीची अळी पांढरी, मऊ आणि चंद्रकोरीसारखी वाकलेली असते. डोके तपकिरी, अन् डोक्यामागे सहा पाय. ती पिकांची मुळे खाते. तिला वेचून मारलेच पाहिजे. दुसरी अळी मात्र चपटी, मळकट, चिवट कातडीची असते. तिला पायच नसतात. ती शिपाई माशीची अळी. तिचे अन्न म्हणजे शेण, सडका पाला, खरकटे. ती दाट झाली की त्या शेणात घरमाशीची वाढ कमी होते. कोंबड्या तर तिच्यावर तुटून पडतात!

वाढ झालेली माशी काळी आणि लांबट असते. गांधीलमाशी समजून लोक तिला भितात. पण तिला नांगी नाही, ती चावतही नाही. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच.

ही माशी मूळची अमेरिका खंडातली. आता सर्व उष्ण देशांत पसरली आहे. हिच्या कुळात जगभर अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्याकडील जातींची वर्णने ब्रुनेटी यांनी १९२० साली ग्रंथरूपाने दिली. हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते, बरे का! मात्र पुष्कळ जातींच्या अळ्या कोठे वाढतात, काय खातात, याची नोंद अजून झालेली नाही.

गुरुजनहो, हे काम शाळेतही करता येईल. बरणीत ओलसर शेणखत व चार अळ्या ठेवा, तोंडाला फडके बांधा. कोणत्या दिवशी अळी काळपट झाली, कधी माशी निघाली, हे मुलांना वहीत लिहू द्या.

आणि शेतकरी बंधूंनो, औषधाचा डबा उघडण्यापूर्वी अळीला पाय आहेत का, एवढे अवश्य पाहा.