निव्वळ वेतनावरून एकूण वेतन काढण्याची रीत



वेतन मंजूर होते एका आकड्याने आणि घरात येते दुसऱ्या आकड्याने. पहिला आकडा एकूण वेतनाचा, दुसरा निव्वळ वेतनाचा. संसार चालतो तो दुसऱ्यावर. कर्जाचा अर्ज भरताना मात्र दृष्टीपुढे असतो पहिला. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे पतपेढीचा हप्ता थकतो, आणि थकलेल्या हप्त्याचा भार पुष्कळदा जामीन राहिलेल्या सहकाऱ्याच्या वेतनावर येऊन पडतो. यास्तव हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कपाती दोन प्रकारच्या असतात. काही ठरावीक रकमेच्या : व्यवसायकर, विम्याचा हप्ता, पतपेढीचा हप्ता इत्यादी. काही शेकडेवारीच्या : महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नियुक्त होऊन राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या शिक्षकाचे अंशदान हे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेवर शेकडा १० असते. घरभाडे भत्त्यावर ते आकारले जात नाही.

खरी मेख शेकडेवारीच्या कपातीत आहे. कणगीतील १०० पायली धान्यातून दहावा हिस्सा काढला, तर ९० पायली उरतात. आता उरलेल्याचा दहावा हिस्सा परत घातला, तर ९९ च होतात. एक पायली कोठे गेली? काढताना दहावा हिस्सा १०० चा होता. घालताना तो ९० चा झाला. पूर्ववत १०० होण्यास ९० चा नववा हिस्सा घालावा लागतो.

हा नियम नवा नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त व्यस्तविधी सांगितला आहे. शेवटच्या फलापासून उलट चालावे, बेरजेच्या जागी वजाबाकी व गुणाकाराच्या जागी भागाकार करावा. आणि राशीतून तिचाच अंश वजा झाला असल्यास छेदातून अंश उणा करून नवा छेद घ्यावा. म्हणजे एक दशांशाच्या जागी एक नवमांश. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. त्याच मातीतील हे गणित होय.

आता उदाहरण घेऊ. एका शिक्षकास दरमहा ५०,००० रुपये हाती यावयास हवेत. घरभाडे भत्ता ३,००० रुपये धरू. ठरावीक कपाती अशा : व्यवसायकर २००, विमा ८०० व पतपेढीचा हप्ता ६,०००, एकूण ७,०००. उलट चालावे. ५०,००० मध्ये ७,००० मिळवून ५७,०००. त्यातून घरभाडे भत्ता वजा करून ५४,०००. यात त्याचा नववा हिस्सा, ६,०००, मिळवला की ६०,००० होतात. ही मूळ वेतन व महागाई भत्त्याची बेरीज. एकूण वेतन ६३,००० रुपये.

ताळा पाहावा : ६३,००० मधून अंशदान ६,००० व इतर ७,००० गेले, उरले ५०,०००. येथे दहावा हिस्सा मिळवला असता तर बेरीज ५९,४०० आली असती आणि हाती ४९,४६० च पडले असते. दरमहा ५४० रुपयांची तूट. फेब्रुवारीत व्यवसायकर २०० ऐवजी ३०० कापला जातो, हेही ध्यानी ठेवावे.

प्राप्तिकराची गोष्ट निराळी. तो वर्षाच्या उत्पन्नावर टप्प्याटप्प्याने वाढत्या दराने बसतो. म्हणून प्रथम अंदाजे वार्षिक वेतन धरून कर काढावा, त्याचा बारावा भाग ठरावीक कपातीत घालावा, आणि नव्या उत्तरावर कर पुन्हा तपासावा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो.

शिक्षकाचे वेतन त्याच्या इच्छेने ठरत नाही, मग या रीतीचा उपयोग काय? उपयोग असा, की हप्ता पेलणार की नाही, हे सही करण्यापूर्वी कळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १,००० रुपयांची वाढ झाली, तर अंशदान जाऊन हाती ९०० च येतात. त्या वाढीच्या भरवशावर १,००० चा नवा हप्ता पत्करणाऱ्याच्या घरखर्चात दरमहा १०० रुपयांची खोट येते. प्राप्तिकर लागू असल्यास ती अधिकच.

गावातील तरुण शहरात नोकरीस निघतो तेव्हा पगाराचा कागद घेऊन तो गुरुजींकडेच येतो. त्याला आकडा वाचून दाखवणे पुरेसे नाही; त्यातून घरी किती पोहोचेल, हे मांडून दाखवावे. आणि वरच्या वर्गांत शेकडेवारी शिकवताना कणगीचे उदाहरण फळ्यावर अवश्य घ्यावे. ती एक पायली कोठे गेली, हे ज्या मुलाला उमगले, तो पुढे कर्जाच्या कागदावर डोळे मिटून सही करणार नाही.