आपला शुद्ध आहार आणि शक्तीचे डबे : काही गैरसमज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चिंचवडमध्ये चाळीस वर्षे कापडाचा व्यापार करणारा सामान्य दुकानदार आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

कापड व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याच्या बोटांत असते. डोळे मिटूनही त्याला पॉपलीन आणि केंब्रिक वेगळे सांगता आले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझी ही जाण हरपू लागली. तळपायांना मुंग्या येत, जिना उतरताना तोल जाई. मी ते वयाचे मानले. त्याच सुमारास एका परिचिताने हिरव्या शेवाळाच्या पावडरीचा महागडा डबा दिला. ‘संपूर्ण नैसर्गिक आहे, सगळी जीवनसत्त्वे यात आहेत,’ असे तो म्हणाला. मी वर्षभर श्रद्धेने ती पावडर घेतली. अखेर रक्त तपासले, तेव्हा जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत कमी निघाले. उपचारांनी बोटांची जाण बरीचशी परतली. तळपायांची बधिरता मात्र राहिली. डॉक्टर म्हणाले, ‘वर्षभर आधी यायला हवे होते.’

पहिला गैरसमज हा की, आपला आहार शुद्ध आहे, म्हणजे तो परिपूर्णही आहे. शुद्धता आणि परिपूर्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना कमतरतेचा धोका ४.४ पट होता. म्हणून शाकाहार सोडावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्या जमाखर्चात एक रक्कम कमी पडते, ती भरून काढावी, एवढाच अर्थ आहे. प्रौढाला रोज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. कपभर दुधातून साधारण एक मिळते. चहातल्या चार चमचे दुधावर हा हिशेब जुळत नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे तूट लवकर ध्यानात येत नाही.

दुसरा गैरसमज माझाच होता : शेवाळातून बी-१२ मिळते. स्पिरुलिनामध्ये जे असते, ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असे द्रव्य असते.

तिसरा गैरसमज असा की, बी-१२ ची गोळी मांसापासून बनते. वनस्पती किंवा प्राणी कोणीच हे जीवनसत्त्व तयार करत नाहीत. ते केवळ सूक्ष्मजीव करतात. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तेथे पेनिसिलीनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसीनही बनू लागले. ज्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळते, त्याच्यापासून बी-१२ ही मिळते, हे शास्त्रज्ञांनी १९४८ सालीच दाखवले होते. आजही ते किण्वनानेच बनते. व्रतधारकांनी याविषयी महाराजसाहेबांना जरूर विचारावे. मात्र कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटीनचे, म्हणजे प्राणिजन्य असते आणि ‘ड-३’ सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून करतात. म्हणून गोळीच्या रूपातील किंवा शाकाहारी स्रोताचे औषध मागून घ्यावे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवा ठिपका पाहावा.

चौथा गैरसमज : जितके जास्त, तितके चांगले. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत दिवसभर बंद छताखाली काम करणाऱ्या आपल्या मुलांना ऊन मिळत नाही. त्यांना डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची मात्रा लिहून देतात. ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळापुरती असते. काहीजण ती रोज घेतात. ‘अ’ आणि ‘ड’ शरीरात साठतात. ‘ड’ चा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. तसेच बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक अॅसिड घेतले, तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

पाचवा गैरसमज : पूरक म्हणजे औषध. अशा डब्यांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. कापड घेताना आपण काठावरचा शिक्का वाचतो. तसे डब्यावरील हे बारीक अक्षरही वाचावे. पावडर विकणारा रोगाचे निदान करत नाही. ते डॉक्टर करतात.

शेवटी एक नम्र विनंती. साठीच्या पुढचे सर्व, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे, वारंवार आयंबिल करणारे आणि आपल्या घरच्या गर्भवती सुना-लेकी यांनी बी-१२ बाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ट्रस्टच्या पुढील आरोग्य शिबिरात साखरेबरोबर बी-१२ ची तपासणीही ठेवावी. पहिल्या वर्षीच्या खर्चातील माझा वाटा मी आजच जाहीर करतो.

माझ्या पायांनी गमावले, ते आपल्यापैकी कोणी गमावू नये, एवढीच भावना आहे. काही चुकीचे बोललो असेन, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!