जे बदलते ते वेगळे ठेवावे

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. त्यांत देवासची गोष्ट विलक्षण. तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंपासून तेथे थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि एकाच गावात दोन राज्यांचा कारभार नांदला. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही नव्या मध्य प्रदेशात सामावला. म्हणजे घर तेच, गल्ली तीच, परंतु अवघ्या आठ वर्षांत पत्त्यातील राज्याचे नाव दोनदा पालटले. ज्या कचेरीत ते नाव एकाच जागी नोंदलेले असेल तिला त्याचे काही वाटले नसेल. जिने ते प्रत्येक छापील कागदावर कोरून ठेवले असेल तिची मात्र तारांबळ.

आज दुकाने आणि कचेऱ्या इंटरनेटवर आल्या, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. संकेतस्थळामागील आज्ञावली म्हणजे कामाची रीत. आणि कराचा दर, दुकानाचा पत्ता, माहितीसाठ्याचा ठिकाणा, पेढीशी व्यवहार करण्याची गुप्त किल्ली ही त्या रीतीला पुरवायची मूल्ये. यांनाच सेटिंग म्हणतात. ती रीतीपासून वेगळी ठेवावीत, एवढेच आजचे सांगणे आहे.

एक उदाहरण घेऊ. धार जिल्ह्यातील बाग येथील ठशांची छपाई प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एक विक्रेता दोन हजार रुपयांचा तयार कुडता इंटरनेटवरून विकतो. पूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरील किमतीस १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. या कुडत्यावरील कर एका रात्रीत २४० रुपयांवरून १०० रुपयांवर आला. येथे दर बदलला तशी मर्यादाही बदलली. हे आकडे आज्ञावलीत दहा ठिकाणी विखुरले असतील आणि त्यांतले एक बदलायचे राहून गेले, तर पावतीवर शंभर आणि मासिक हिशेबात दोनशे चाळीस असा घोळ होणार. तो निस्तरताना विक्रेत्याची पत पणाला लागते.

आणखी एक पथ्य आहे. जुना आकडा पुसून त्यावर नवा लिहू नये. ‘अमुक तारखेपासून अमुक दर’ असे नोंदवावे. एरवी सप्टेंबरच्या आरंभीची पावती ऑक्टोबरात पुन्हा काढली, तर ती खोटी निघेल.

काही मूल्ये काळानुसार बदलतात, तर काही जागेनुसार. तीच आज्ञावली कारागिराच्या संगणकावर, चाचणीच्या यंत्रावर आणि प्रत्यक्ष दुकानात चालते. चाचणीच्या प्रतीत खऱ्या पेढीची किल्ली राहिली, तर गंमत म्हणून केलेल्या व्यवहारात खऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात. म्हणून प्रत्येक जागेची मूल्ये त्या त्या जागीच ठेवावीत. १९७९ च्या युनिक्सपासून यासाठी ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ ही सोय आहे.

सर्वांत जपायची ती गुपिते. हेरोकू या अमेरिकन कंपनीतील अॅडम विगिन्स यांनी २०११ साली बारा सूत्रे मांडली. त्यांतील कसोटी साधी आहे. आपली आज्ञावली या क्षणी चारचौघांत उघडी केली, तर एखादा परवलीचा शब्द बाहेर पडेल काय? पडत असेल, तर मांडणी चुकली. अशी किल्ली एकदा उघड झाली की ती ओळ खोडून भागत नाही, कारण जुन्या आवृत्त्यांत ती शिल्लकच राहते. तेथे कुलूपच बदलावे लागते.

तथापि अतिरेक नको. प्रत्येक गोष्ट सेटिंग केली, तर सेटिंगांचेच जंगल माजते. माल मध्य प्रदेशातच गेला तर केंद्राचा आणि राज्याचा मिळून कर, पुण्याला गेला तर एकात्मिक कर, ही रीत आहे. तिची जागा आज्ञावलीतच. दर मात्र बाहेर.

शेवटी दोन नियम सांगतो. एखादे आवश्यक मूल्य सापडले नाही, तर आज्ञावलीने अंदाजाने चालू नये. आरंभीच थांबून काय हवे ते स्पष्ट सांगावे. आणि कोणी, केव्हा, कशासाठी काय बदलले याची नोंद असावी. जुन्या दप्तरदारांना ही शिस्त ठाऊक होती. यंत्र नवे आले म्हणून तिची गरज संपली नाही. उलट एका आकड्याची चूक आता क्षणात हजार पावत्यांवर उमटते, म्हणून ती अधिकच वाढली आहे.