घरची सुई आणि घरची शोभा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला-सभेत दिलेले व्याख्यान)



शिक्षण, शेती, सहकार, वधूवर-सूचना अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत सुईदोऱ्याला आज जागा मिळाली, याबद्दल प्रथम आम्ही मंडळाचे आभार मानतो. दारावरचे तोरण, पाटावरचे आसन, पाळण्यावरचे चिमणाळे, बैलाच्या पाठीवरची झूल, उशीचा अभ्रा आणि अंगावरची गोधडी ही आपल्या घराची शोभा. ती घरच्या हातांनी, घरच्याच चिंध्यांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आली. ती टिकवावी की जाऊ द्यावी, टिकवायची तर कोणत्या रूपाने, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. त्यात स्त्रीचा मान आहे, घरचा पैसा आहे, आणि शेवटी समाजाच्या मोठेपणाची परीक्षाही आहे.

आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. परंतु वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या काठची ही झाडीपट्टी फार जुनी. या मुलखाने कलेचे साहित्य दुकानातून कधी मागितले नाही. धानाची लोंबी, तणस, बांबू, कोसा आणि जुने लुगडे यांवरच येथील घरे सजली. शेजारच्या छत्तीसगडात धानाच्या लोंब्या एकमेकींत गुंफून त्यांची झालर दारावर टांगतात; घराला शोभा येते आणि चिमण्यांना दाणाही मिळतो. तिकडे दूर कोकणातही नव्या धानाच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधून ‘नवे’ करतात. ज्या भूमीत भात पिकतो, तेथे भाताचाच दागिना घराला चढतो. आपणही धानाचे धनी. लोंब्यांचे तोरण आपल्या दारास जितके शोभेल तितके प्लास्टिकच्या फुलांचे शोभणार नाही.

कोशाचीही तीच कथा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर कोशाचे किडे वाढवितात, आणि हे काम परंपरेने ढिवर बंधू करीत आले. ज्या कोशातून पाखरू बाहेर पडले त्याला छिद्र पडते. त्याचा अखंड धागा निघत नाही. तो कातून जाडाभरडा करावा लागतो. असा कोष कात्रीने कापून पाकळ्या कराव्या, चार-पाच पाकळ्या एका देठावर बांधाव्या, की बदामी रंगाचे फूल तयार होते. हे फूल कोमेजत नाही आणि त्याला रंगाचीही गरज लागत नाही.

परंतु आपल्याकडे सुईचा खरा सण म्हणजे पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी होते; पिठोरी अमावास्येला बैलांच्या अंगावर झुली चढतात, कपाळी मठाट्या, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्यांच्या माळा येतात. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला असे ज्याविषयी सांगतात, तो हा लहानग्यांचा सण आपल्या विदर्भाचे खास लेणे आहे. मुलांच्या लाकडी नंद्यासाठी वीतभर झूल शिवताना कित्येक मुलींनी पहिला टाका घातला असेल. मोठ्या बैलाची झूल शिवणारी गृहिणी कधी कोण्या चित्रशाळेत गेली नाही. पण लाल पट्टीशेजारी पिवळी घ्यावी आणि काळ्या काठाने दोहोंना आवरावे, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

गोधडीकडे पाहावे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी घालीत जाणे, हीच तिची सारी विद्या. परंतु ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालच्या स्त्रिया जुन्या साड्यांच्या काठांतील रंगीत सूत उसवून कांथा भरीत. कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया कवंदीच्या चार कोपऱ्यांवर त्रिकोणी फुले बसवितात आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. जपानच्या शेतकरी स्त्रियांनी निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने ठिगळे शिवून थंडी निभावली. त्या टाक्याला साशिको म्हणतात. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात गीज बेंड नावाचे कृष्णवर्णीय शेतमजुरांचे खेडे आहे. तेथील स्त्रियांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि २००६ साली त्या देशाने त्यांची टपाल-तिकिटे काढली. त्यांनी त्या प्रदर्शनासाठी शिवल्या नव्हत्या. लेकरांना ऊब मिळावी म्हणून शिवल्या होत्या. गरजेतून निघालेली वस्तू मनापासून केली की ती सुंदर होते, हाच याचा अर्थ.

आता थोडे इतिहासाचे. नागपूरची एम्प्रेस गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आगगाडीने गोंदिया मोठ्या बाजारांशी जोडले, आणि गिरणीचे कापड खेड्यापाड्यांत येऊ लागले. ती गिरणी आज बंद आहे. पण तिच्यासारख्या गिरण्यांच्या कापडाने आपल्या घरांत चिंध्यांचे गाठोडे वाढविले, आणि चिंधी वाढली तशी गोधडीही रंगीत झाली. शिवणयंत्राचे पेटंट सिंगरसाहेबांनी १८५१ साली घेतले. आपल्या देशात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३६ साली उषा यंत्र बाजारात आणले आणि शिवणयंत्र हळूहळू मध्यम घरांच्या आवाक्यात आले. त्याआधी १९०९ साली पुण्यास रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभारले. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामाचे वर्ग चालत. निराधार स्त्रीला कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता. सुईकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहण्याची ही दृष्टी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

भगिनींनो, कौतुकाबरोबर दोन कडू गोष्टीही बोलल्या पाहिजेत. पहिली रुखवताविषयी. रुखवत म्हणजे मुलीच्या हातचे काम चार लोकांनी पाहावे, तिचे कौतुक करावे, एवढीच मूळ कल्पना. मण्यांचे तोरण, काशिद्याचा पोपट, लोकरीचे आसन, क्रोशाचा रुमाल यांत मुलीचे दोन-तीन उन्हाळे दिसत. आज अनेक ठिकाणी रुखवत विकत येते, काही ठिकाणी भाड्यानेही येते, आणि त्याच्या आडून भांडी, कपाट, यंत्रे मांडली जातात. मुलीने त्यातील एका वस्तूलाही हात लावलेला नसतो. बापाने मात्र कर्ज काढलेले असते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. रुखवताचे टेबल हे हुंड्याचे मागील दार होऊ नये, एवढे तरी आपण ठरविले पाहिजे. आमची सूचना अशी की, आपल्या समाजाच्या विवाहांत रुखवतावर घरी केलेल्या वस्तूच मांडाव्या. मग त्या पाच असोत की पंधरा. आणि वराकडील मंडळींनीही वराच्या हातचे काहीतरी मांडावे. मुलग्याने शिवलेली एक पिशवी तेथे दिसली तर आभाळ कोसळणार नाही.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. ‘बायका रिकाम्या वेळात करतात’ असे म्हणून त्यांच्या कामाची किंमत शून्य धरण्याची आपली सवय आहे. समजा, एका तोरणास साठ रुपयांचे साहित्य लागले, नऊ तास लागले, आणि ते दोनशे रुपयांस विकले. राहिले एकशेचाळीस, म्हणजे तासाला सोळा रुपयेही पडले नाहीत. या हिशेबाने कोणाचाही संसार चालणार नाही. म्हणून विकावयाच्या वस्तूत सरळ शिवण यंत्रावर करावी आणि हाताचे टाके जेथे डोळ्यांना दिसतात तेथेच घालावे. तेच काम चार तासांत झाले तर तासाला पस्तीस रुपये पडतात. हेही थोडेच, पण भाव ठरविताना तास मोजण्याची सवय लागली की पुढचा भाव मागण्याचे धैर्य येते. ओळखीच्या माणसाने फुकट मागितले तरी तास सांगावेत.

आता प्रत्यक्ष कामाचे चार शब्द. तीन फुटी दाराच्या तोरणासाठी १०० सेंटिमीटर लांब पट्टी कापावी. दोन्ही टोकांस एकेक सेंटिमीटर दुमडले की ९८ उरतात. त्यावर १४ सेंटिमीटर पायाची सात त्रिकोणी पाने बरोबर बसतात. प्रत्येक पानास दोन तुकडे घ्यावे, शिवणीसाठी सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवावे, सुलट बाजू आत ठेवून दोन कडा शिवाव्या, टोकाचे जास्तीचे कापड छाटून पान उलटावे. पट्टीचा मध्य खडूने आखून चौथे पान तेथे ठेवावे आणि मग दोन्ही अंगांस तीन-तीन लावावी. एका टोकापासून सुरुवात केल्यास शेवटचे पान हमखास कमी-जास्त होते. पानांच्या कच्च्या कडा पट्टी आणि अस्तर यांच्यामध्ये दाबून शिवाव्या. कोरे कापड आधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि तोरण सुरकुतते. लाल व निळ्या कापडाचा रंग जातो की काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. गोधडीसाठी जुनेच सुती लुगडे उत्तम. ते आटायचे तेवढे आधीच आटलेले असते आणि अंगाला मऊ लागते.

शिवण घरापुरती न ठेवता ज्यांना धंदा करावयाचा असेल त्यांच्यासाठी आज काही वाटा आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे आणि बचतगटांच्या रूपाने ते खेड्यांपर्यंत पोहोचले आहे. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत शिवणकामही आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तिची योजना आहे. दिवाळीनंतर आपल्या गावोगावी मंडया भरतात, रात्री दंडार रंगते, पाहुणे येतात. मंडईच्या एका कोपऱ्यात घरच्या वस्तूंचे एक दुकान आपल्या भगिनींनी का थाटू नये?

शेवटी, ज्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो ते निवेदन. मंडळाच्या सभागृहात वर्षभर शिवणवर्ग चालावा अशी सूचना अनेक भगिनींनी केली आहे. तिला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु एका अटीवर. तो वर्ग केवळ आपल्याच मुलींसाठी नसावा. आपल्या घरातील एक झूल उचलून पाहा. तिचे सूत कोष्ट्याने विणले, कापड शिंप्याने बेतले, बांगडीचे तुकडे कासाराकडून आले. घरातील कोसा ढिवराने राखला, टोपली बुरडाने विणली, गादीचा कापूस पिंजाऱ्याने पिंजला. आपल्या घराच्या शोभेत साऱ्या गावाचा हात आहे. ज्या विद्येत सर्वांचे देणे आहे, तिच्या दारावर आपल्या एकट्यांच्या नावाची पाटी लावणे न्यायाचे होणार नाही. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील की, समाजाची वर्गणी समाजासाठी. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण सभागृहाची भिंत आपल्या पैशाने उभी राहिली असली तरी ती बांधणारे हात आपल्याच जातीचे होते काय, याचा विचार त्यांनीच करावा. सुई कोणाची जात विचारीत नाही. जो तिच्यात दोरा ओवील त्याचे ती काम करते.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या पोळ्यापूर्वी वर्ग सुरू व्हावा. आठवड्यातून दोन दिवस तो गावातील प्रत्येक घरच्या मुलीमुलांसाठी खुला असावा. ज्यांना डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे पण ज्यांच्या बोटांत टाके अजून जिवंत आहेत, अशा आजीबाईंना तेथे मानाने बोलावून त्यांना शिकविण्याचे मानधन द्यावे. आणि पुढील मेळाव्यात या मंडपाचे तोरण विकत न आणता त्या वर्गानेच शिवलेले असावे. हा ठराव आपण आज, याच बैठकीत मताला टाकावा, अशी अध्यक्षीणबाईंना नम्र प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.