फासेपारधी, पर्ससीन आणि कायदा



माळरानावर तित्तर धरण्यासाठी फास लावणारा फासेपारधी आणि बंदीच्या महिन्यांत किनाऱ्यासमोर पर्ससीन जाळे टाकणारा नौकामालक, हे दोघेही कायद्याचा भंग करीत असतात. पहिल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. दुसऱ्याचे प्रकरण मात्र फौजदारी न्यायालयात न जाता एका अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालते आणि सामान्यतः दंडाच्या आकड्यावर संपते. पहिल्याच्या हाती चार पक्षी लागलेले असतात. दुसऱ्याच्या जाळ्यात बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा सापडलेला असतो.

या तफावतीवरून दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. एक म्हणजे, शिकार आणि मासेमारीवरील बंधने ही शहरी निसर्गप्रेमींची हौस असून गरिबांच्या बाजूने उभे राहणाऱ्याने त्यांना विरोधच केला पाहिजे. दुसरा म्हणजे, कायदा तो कायदा; त्याच्यापुढे गरीब-श्रीमंत हा भेद करू नये. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत हे समजण्यासाठी या कायद्यांचा इतिहास पाहिला पाहिजे.

शिकारीवरील निर्बंध स्वातंत्र्यानंतर अवतरले असे नाही. १८८७ आणि १९१२ या वर्षी ब्रिटिश सरकारने पक्षी व प्राणी यांच्या संरक्षणाचे कायदे केले. पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकारीचे नियंत्रण वनखात्याच्या हाती दिले. परंतु त्याच काळात साहेबाची आणि संस्थानिकाची शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ होता. ज्याच्याजवळ बंदूक, परवाना आणि हाकारे घालायला माणसे होती, तो शिकारी ठरला. ज्याच्याजवळ केवळ फास होता, तो चोर ठरला. त्याच्या जोडीला १८७१ पासूनचे गुन्हेगार जमातींचे कायदे होतेच. पारध्यासारख्या जमातींत जन्माला येणे हाच त्यांनी अपराध मानला. प्राण्यांची शिकार करणाऱ्या माणसाचीच अशा रीतीने कायद्याने शिकार केली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केल्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. वन्यजीव हा तोवर राज्यांचा विषय होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७२ च्या कायद्यातही परवाना काढून शिकार करण्याची वाट ठेवलेली होती. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे स्वतंत्र भारतात चाळीस वर्षांहून अधिक काळ हौसेची शिकार परवान्याने शक्य होती आणि पोटाची शिकार हा अपराध होता. दरम्यान मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला होता. विमुक्त झालेल्या जमातींवरील पोलिसांची नजर त्यामुळे ढळली नाही. जमिनीचा तुकडा नाही, जातीचा दाखला मिळत नाही आणि वस्ती उठवली जाते, अशा स्थितीत ‘शिकार सोडा’ असे सांगणे म्हणजे ‘जेवण सोडा’ असे सांगणेच होते.

तरीही तित्तर, लावा, तणमोर, काळवीट यांचे रक्षण होऊ नये असा याचा अर्थ नाही. माळरान उजाड झाले तर पहिला बळी पारधीच असतो, कारण त्या माळरानाचे ज्ञान हीच त्याची पुंजी आहे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी गवताळ माळ आणि तेथील पक्षी राखण्याचे काम अंगावर घेतले. पक्षी कोठे घरटे करतो हे ज्याला फास लावण्यासाठी ठाऊक असते, त्याला ते राखण्यासाठीही ठाऊक असते. कायद्याने त्याला आरोपी म्हणून ओळखले. राखणदार म्हणून ओळखायला कायदा तयार नव्हता.

आता समुद्राकडे वळू या. तेथील कहाणी नेमकी उलट आहे. मासेमारीवरील पहिला महत्त्वाचा कायदा १८९७ चा. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी केली आणि शिक्षा ठरवली ती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. यंत्रनौका आणि प्रचंड जाळी त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हती. कोळी, गाबीत, खारवी यांच्या समाजात मात्र अलिखित कायदा होता. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात लोटायची नाही, ही केवळ देवभोळी रूढी नव्हती. खवळलेल्या समुद्रापासून माणसाचे आणि विणीच्या काळात माशाचे रक्षण करणारा तो नियम होता. त्याच्या पालनासाठी गस्तीनौका लागत नसे, कारण नियम मोडणाऱ्याला त्याच गावात राहायचे असे.

हा नियम मोडला तो भांडवलाने. कर्ज आणि अनुदान देऊन यांत्रिकीकरणाला शासनानेच उत्तेजन दिले. ट्रॉलर आले, निर्यातीच्या कोळंबीमागे ते किनाऱ्यालगत घुसले आणि रापणकारांच्या उथळ पाण्यावर त्यांनी अतिक्रमण केले. गोव्यातील रापणकार १९७० च्या दशकात संघटित होऊन रस्त्यावर आले. तामिळनाडू आणि केरळातही ट्रॉलर व पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष पेटला. त्याच धगीतून केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि राज्यांसाठी नमुना विधेयक तयार झाले. मासेमारी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे कायदा करणे राज्यांचे काम होते. केरळ व गोव्याने १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. वन्यजीवांचा कायदा वरून आला. सागरी मासेमारीचा कायदा होडीवाल्या गरिबांनी लढून मिळवला. कार्यकर्त्याने हे विसरता कामा नये. मासेमारीवरील बंधने गरीबविरोधी आहेत असे सरसकट म्हणणारा या लढ्याचा इतिहास पुसून टाकतो.

परंतु लढून मिळवलेला कायदा कागदावर दुबळा निघाला. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यातील दंड पाच हजार रुपयांपर्यंत किंवा मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत होता. निर्णय द्यायचा तहसीलदाराने, ज्याच्या मेजावर सातबारापासून टंचाईपर्यंतच्या फायलींचा ढीग असतो. मासळी नाशवंत, बंदरात उतरली की तासाभरात विकली जाते. ती कोणत्या खोलीवर आणि कोणत्या जाळ्याने पकडली याचा पुरावा तिच्याबरोबरच बर्फात जातो. त्यातच राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडचे पाणी केंद्राचे. पकडलेला मालक सांगतो, मासळी हद्दीबाहेरची आहे. राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र राज्याकडे. माशाला मात्र ही हद्द ठाऊक नसते.

पर्ससीन जाळ्याचे काम समजून घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. हे जाळे थव्याभोवती भिंतीसारखे सोडतात आणि तळची दोरी ओढून बटव्यासारखे मिटतात. थवाच्या थवा एका ओढीत वर येतो. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे एकत्र जमवले की उरलीसुरली अनिश्चितताही संपते. रापणीला किंवा छोट्या गिलनेटला जे वर्षभर थोडेथोडे मिळायचे, ते काही रात्रींत काही मालकांच्या हाती जाते.

याविरुद्ध महाराष्ट्राच्या मच्छीमारांनी पुन्हा दीर्घ आंदोलन केले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने अधिसूचना काढली. पर्ससीनला केवळ १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळातच परवानगी राहील आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणली जाईल, असे तिने ठरवले. एलईडी मासेमारीवर केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. विनापरवाना पर्ससीनसाठी दंड १ ते ६ लाख रुपये आणि एलईडीसाठी ५ ते २० लाख रुपये असा झाला. निर्णयाचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे आला. २०२५ च्या जानेवारीत ड्रोनद्वारे टेहळणीही सुरू झाली. केरळच्या अशाच बंदीला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच उचलून धरले होते. उलट २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने तामिळनाडूतील पर्ससीन नौकांना १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस अंतरिम परवानगी दिली. हद्दीचा वाद किती खोल आहे हे यावरून दिसते.

दंड वाढला, अधिकारी बदलला, आकाशातून पाहणारा डोळा आला. ही प्रगतीच आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ड्रोन चित्र काढतो, नौका जप्त करीत नाही. आणि दंड कितीही असला तरी तो एका रात्रीच्या कमाईतून भरता येत असेल, तर तो शिक्षा राहत नाही. धंद्याच्या खर्चात मोडतो.

येथे प्रामाणिकपणे दोन अडचणी मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी की, पारंपरिक मच्छीमाराचे प्रत्येक जाळे निर्दोष नसते. डोल जाळ्याच्या बारीक आसाच्या खोळीतही पिल्ले मोठ्या संख्येने मरतात. ‘ते मोठे चोर आहेत’ एवढे म्हटल्याने छोट्याची चूक धुतली जात नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, तो छोट्या होडीलाही लागू असलाच पाहिजे. दुसरी अडचण अधिक कठीण आहे. पर्ससीन नौकेवर राबणारा खलाशी हाही मजूरच आहे. नौका थांबली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, मालकावर नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या पावसाळी बंदीत त्याचे काय होते? केंद्राच्या बचत-मदत योजनेत मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० आणि शासनाचे ३,००० असे मिळून ४,५०० रुपये येतात, तेही तीन महिन्यांसाठी. एवढ्यात संसार चालत नाही. निसर्ग राखण्याची किंमत सर्वांत गरिबाने आपल्या उपासातून भरावी, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून कार्यकर्त्यांची भूमिका कोणती असावी? फास लावताना पकडलेल्या तरुणासाठी वस्तीवरचे लोक येतात आणि पाटीभर मासळीसह अडवलेल्या होडीसाठी बंदरावरचे लोक येतात. ‘साहेबांना सांगून सोडवून द्या’ ही मागणी प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेली आहे. एखाद्याला सोडवून आणणे सोपे आहे आणि त्याने लोकप्रियताही मिळते. परंतु ज्या दाराने छोटा सुटतो, त्याच दाराने मोठा आपल्या वजनाने अधिक लवकर सुटतो. शब्द टाकून कायदा वाकवण्याची सवय ही शेवटी धनवानाच्याच उपयोगाची असते. त्याऐवजी पकडलेल्याला वकील मिळवून द्यावा, त्याला मारहाण होऊ नये यासाठी ठाण्यावर बसावे, आणि त्याच वेळी त्याच्या जमिनीचा, दाखल्याचा, रोजगाराचा अर्ज घेऊन तहसीलवर जावे. हा मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे.

मागण्याही स्पष्ट हव्यात. बंदराबंदरावर परवानाधारक नौकांची यादी, पकडलेल्या नौकांची यादी आणि झालेल्या दंडाचा हिशोब फलकावर लागला पाहिजे. वारंवार कायदा मोडणाऱ्या नौकेचा परवाना आणि तिला मिळणाऱ्या शासकीय सवलती बंद झाल्या पाहिजेत. केवळ दंड पुरेसा नाही. बंदीच्या काळात खलाशाला जगण्यापुरती भरपाई मिळाली पाहिजे. केंद्र आणि राज्य यांनी १२ मैलांच्या आत-बाहेर एकच नियम लावला पाहिजे.

आणि या सर्वांच्या मुळाशी एक मागणी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क दिला नाही, पण वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. समुद्रावर जगणाऱ्यांसाठी असा कायदा झालेला नाही. नारळी पौर्णिमेचा नियम ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्या गावाला आपल्यासमोरचे पाणी राखण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला पाहिजे. माळरानाच्या राखणीत पारध्याला आणि किनाऱ्याच्या राखणीत कोळ्याला अधिकाराचे स्थान मिळेल, त्या दिवशी या कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी वरच्या हुकमाची वाट पाहावी लागणार नाही. तोवर कायदा मोडणाऱ्या मोठ्याला पकडा, असे सांगण्याचे काम संघटनेला करावे लागेल. आणि ते सांगण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर आपल्या छोट्यालाही नियम पाळायला सांगण्याचे धैर्य दाखवावे लागेल.